पहिला पेला परुळेकरांचा

पावसाळा जवळ आला की लोकांना कांदाभजी आठवतात. मला परुळेकर आठवतो.

आता याच वर्षीचं घ्या. मे संपत आला होता. लालबागच्या मसाला गल्लीत डंक दिवसभर धडधडत होते, वर्षाचा मसाला कांडून घ्यायला बायकांच्या रांगा लागल्या होत्या, आणि वारा जरा आमच्या बाजूला वळला की अख्खी चाळ शिंकायची. गच्चीवर कोणाचे तरी पापड वाळत होते. गॅलरीच्या कठड्याला हात लागला तर चटका बसेल असं ऊन. एकूण सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात फोनवर तो मेसेज आला. समुद्रात कमी दाबाचा पट्टा, सोसाट्याचा वारा, नागरिकांनी काळजी घ्यावी. शेजारच्या खोलीतली मुलं लगेच ढगांचे फोटो काढायला धावली. माझ्या पोटात मात्र एक गरम गोळा उठला. भीतीचा नाही हो, रागाचा. पाच वर्षं झाली, पण हा गोळा ताजाच्या ताजा आहे, आणि खरं सांगायचं तर मी तो जपून ठेवलाय.

मी परळच्या एका मोठ्या इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसते. तीस वर्षं तेच काम. माणूस समोर येतो, मी नाव विचारते, वय विचारते, राहता कुठे विचारते, काय होतंय विचारते आणि लिहिते. मोसम कुठला चाललाय हे कळायला मला कॅलेंडर लागत नाही. वादळ होऊन गेलं की पहिले दोन दिवस पत्रा लागलेले, फांदी पडलेले, घसरून हात मोडलेले येतात. तिसऱ्या दिवसापासून उलट्या-जुलाब सुरू. मग तापवाले. आणि महिना-दीड महिना उलटला, लोक वादळ विसरूनसुद्धा गेले, की पिवळ्या डोळ्यांची माणसं खिडकीशी येऊन उभी राहतात आणि म्हणतात, काही नाही हो, नुसती भूक लागत नाही. मी विचारते, पाणी कुठलं पिता? ते म्हणतात, नळाचं. नळाचं म्हणजे चांगलं, हे आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. वर मी त्यांना सुनावतेसुद्धा. म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते मला कळत नव्हतं म्हणून झालं, असं कोणी समजू नये.

आमची चाळ करी रोडची. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले, आम्ही मध्ये आहोत तसेच. वडील गिरणीत होते तेव्हापासूनच्या दोन खोल्या, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. माझं लग्न झालं आणि मोडलं, ती कथा वेगळी आणि कंटाळवाणी आहे. तेव्हापासून मी इथेच, धाकटा भाऊ मिलिंद आणि त्याची बायको प्रज्ञा यांच्याबरोबर. प्रज्ञा दादरला चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. बोलायला कमी, पण एकदा बोलली की तो विषय संपला असं समजायचं. लग्नाला सहा वर्षं होऊन त्यांना मूल नव्हतं, आणि त्या वर्षी, म्हणजे वादळाच्या वर्षी, तिला दिवस गेले. मे महिन्यात पाचवा लागला होता.

काय दिवस होते ते! मिलिंद कामावरून येताना रोज काहीतरी आंबट घेऊन यायचा. प्रज्ञा लोणच्याची बरणी मांडीत घेऊन बसायची, आणि मी बघत नाही असं वाटलं की पाटीवरची पेन्सिल कुरतडायची. मी ओरडायचे, "अगं, पोराला काय दगडी दात येणारेत का?" ती तोंड पुसून म्हणायची, "एकच खाल्ली, ताई." दुपारी ती पाठ टेकायची तेव्हा मी तिच्या पायांना तेल लावायचे. माझ्या आयुष्यात मी कुणाची इतकी वाट पाहिली नव्हती. बुद्धवंदनेला बसले की माझं लक्ष सगळं त्या पोटाकडे. नावंसुद्धा ठरवून टाकली होती मी, कोणाला न विचारता.

वादळ येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पाणी भरलं. मिलिंद वीज खात्यात, त्यामुळे वादळाचा सांगावा आला की त्याची सुट्टी रद्द. निघण्याआधी त्याने घरातलं एकूण एक भांडं भरून काढलं. पिंप, हंडा, दोन कळश्या, बादल्या, मोठा टोप, इतकंच काय, कुकरसुद्धा. पिंप आधी घासून उन्हात उपडं केलं होतं. वर फडकं बांधलं, फडक्यावर झाकण. बूट घालता घालता म्हणाला, "ताई, हे पाणी दोन-तीन दिवस पुरव. वादळानंतर नळाला काय येईल सांगता येत नाही. प्रज्ञाला हेच द्यायचं."

मी म्हटलं, "मला शिकवतोस होय रे? इस्पितळात मी बसते की तू?"

तो हसला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आलं. वाऱ्याचा आवाज असा की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईना. समोरच्या शेडचे पत्रे एक एक करून उडाले. पिंपळाची अर्धी फांदी जिन्यावर आडवी. लाइट गेली. आणि मग पटांगणात पाणी चढायला लागलं, काळं, फेसाळ पाणी, त्यावर चपला, नारळाच्या शेंड्या आणि कोणाचं तरी अख्खं तुळशीचं रोप. गटाराचं चेंबर उकळत्या डाळीसारखं बुडबुडत होतं. त्याला तो वास होता, जो एकदा नाकात बसला की जेवताना आठवतो. आणि त्याच पटांगणात, त्याच काळ्या पाण्याखाली, चाळीची पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी. या टाकीतून पंपाने पाणी गच्चीवर जातं आणि तिथून आमच्या नळांना येतं. टाकीचं झाकण दोन वर्षं तडकलेलं होतं. सेक्रेटरीला सांगून सांगून आमची तोंडं दुखली. सेक्रेटरी म्हणजे परुळेकर. भाऊ परुळेकर, तिसरा मजला, कपाळावर गंध, गळ्यात पंपाच्या खोलीची चावी. जानव्यासारखी घालायचा ती.

सकाळी सहाला लाइट आली, पाठोपाठ नळ खरखरला.

आता हे कसं समजावू? आमच्या चाळीत नळाचा आवाज आला की बाईचे हात आपोआप चालू होतात. कालचं पाणी ओतायचं, भांडं चिंचेने घासायचं, ताजं भरायचं. कालचं ते शिळं. आईने जन्मभर हेच केलं. आलेल्या माणसाला शिळं पाणी देणारी बाई आमच्यात आळशी ठरते, तिचं नाव सगळ्या मजल्यांवर होतं. आणि इथे तर घरात पोटुशी. मी मोरीत पिंप कलतं केलं. स्वच्छ, वादळाच्या आदल्या संध्याकाळचं, फडकं बांधून ठेवलेलं पाणी. पिंपभर. वाया जाऊ नये म्हणून त्यात मोरी घासली. हंडा ओतला, कळश्या ओतल्या. मिलिंदचं बोलणं आठवलं का? आठवलं. मनात आलं, पुरुषांना काय कळतंय पाण्यातलं. नळाचं पाणी जरा गढूळ होतं, तर मी तुरटी फिरवली. अर्ध्या तासात गाळ तळाशी बसला आणि पाणी इतकं नितळ झालं की पिंपाचा तळ दिसावा. तुरटीने माती बसते, रोग मरत नाही, हे तेव्हाही मला माहीत होतं. पण नितळ पाणी बघितलं की माणूस उकळत बसत नाही.

मी पिंपाचं झाकण गॅलरीत वाळत ठेवत होते तेव्हा जिन्यावरून परुळेकर वर आला. मागे एक माणूस, त्याच्या दोन्ही खांद्यांवर विकतच्या पाण्याचे निळे जार.

"काय भाऊ, पाहुणे येणार वाटतं?"

"नाय गो," तो म्हणाला, "हिका जरा बरां नाय."

प्रज्ञा उंबऱ्यात बसली होती, पाय पसरून, हातात पेला. नळाच्या पाण्याचा. परुळेकर थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, त्या पेल्याकडे पाहिलं. मी माझ्या या दोन डोळ्यांनी बघितलंय. मग तो वर गेला.

त्या आठवड्यात चाळीत संडासाला रांगा लागल्या. लहान मुलं पिळवटून निघाली. आमच्या घरी तिघांनाही दोन दिवस त्रास झाला आणि थांबला. मी म्हटलं, सुटलो. जून गेला. जुलैत एका सकाळी प्रज्ञा म्हणाली, "ताई, भाताचा वास सहन होत नाही." मी तिला खिडकीच्या उजेडात आणलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढली. हळद लागल्यासारखा डोळा.

तिचा केसपेपर मीच लिहिला. दुसऱ्या कोणाला लिहू दिला नाही. नाव, वय एकतीस, पत्ता माझाच, सातवा महिना, कावीळ. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्या कागदावर ते कसं आलं होतं ते मला बघवत नाही, म्हणून तो कागद मी कपाटात सगळ्यात खाली ठेवलाय. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, गरोदरपणात ही पाण्यातली कावीळ फार वाईट. पाणी कुठलं पिता? मी म्हटलं, नळाचं.

अठरा दिवस ती वॉर्डात होती. ती वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगी होती.

मिलिंदने एकदाच विचारलं, वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर. "ताई, मी भरून ठेवलं होतं ते पाणी?" आणि मी म्हटलं, "संपलं रे, दोन दिवसांत." त्याने मान हलवली. माझ्यावर त्याचा इतका विश्वास. हे मी पाच वर्षं कोणाला सांगितलं नाही.

नंतर आम्हाला बाकीचं कळलं. आमचा पंप चालवणारा बबन, पन्नाशीचा माणूस, दोन महिने माझी नजर चुकवत होता. एके दिवशी भायखळ्याच्या बाजारात मी त्याला गाठलं, भाजीच्या गाडीआड. तो रडायलाच लागला. म्हणाला, "त्या सकाळी भाऊंनी झाकण उघडून बघितलं, ताई. नाकाला रुमाल लावला. मी म्हटलं, पाणी सोडू नको ना? तर म्हणाले, चालू कर. दोन दिवस पाणी बंद ठेवलं तर लोक मला खातील, दिवाळीनंतर कमिटीची निवडणूक आहे. कुणाला बोलू नको." मी विचारलं, "आणि जार?" बबन म्हणाला, "ते मीच दुकानातून मागवून दिले."

त्या दिवशी भाजी न घेताच मी घरी आले. डोकं इतकं थंड होतं की माझं मलाच नवल वाटलं. शिव्या देऊन मी त्याला सोडणार नव्हते. शिव्या काय, दोन दिवसांत विरतात. माणसाला पुरेल असं काहीतरी हवं होतं.

आधी मी निवडणुकीला उभी राहिले. चाळीतल्या ज्या ज्या घरात पोर आजारी पडलं होतं त्या प्रत्येक घरात गेले, चहा प्यायले आणि जारची गोष्ट सांगितली. बाकी काही बोलावं लागलं नाही. परुळेकर पडला. सगळ्यांसमोर त्याने गळ्यातली चावी काढून माझ्या हातात दिली, तेव्हा दोरा त्याच्या कानाला अडकला आणि दोन मिनिटं निघेना. मी मदत केली नाही.

मग मी टाकी फोडून नवं तोंड बांधून घेतलं, जमिनीपासून कमरेइतकं उंच, लोखंडी झाकणाचं. प्रत्येक घरात पिंपाला झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं सक्तीचं केलं, म्हणजे कोणाचा हात पाण्यात बुडायला नको. वादळाचा मेसेज आला की मी मजल्यामजल्यावरून ओरडत जाते, "भरा, झाका, आणि झाकणावर खडूने लिहा, ओतू नका!" बायका हसतात. म्हणतात, ताईंचं हे ओतू नका म्हणजे जपच झालाय. हसू देत.

आणि इस्पितळाच्या लॅबमधून मी तपासणीच्या बाटल्या मिळवायला लागले. छोटीशी बाटली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. पाणी भरून दीड-दोन दिवस उबेला ठेवायची. पाणी घाण असेल तर आतलं सगळं काळं पडतं, शाईसारखं. पहिल्या वर्षी चाळीच्या सभेत मी तशी एक काळी बाटली टेबलावर ठेवली, बरोबर परुळेकरच्या समोर, आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "भाऊंचा अनुभव मोठा. टाकीची देखरेख त्यांच्याकडेच असावी असं मी सुचवते. टाकी साफ झाली, बाटली पांढरी राहिली, की पटांगणात सगळ्यांसमोर पहिला पेला भाऊंनी प्यायचा. मगच पाणी घराघरात सोडायचं. मंजूर?"

सगळे हात वर. परुळेकरचा रंग असा उतरला की मला वाटलं, आता खुर्चीवरून खाली येतोय. पण उठून जाईल, नाही म्हणेल, असं वाटलं होतं. नाही म्हणाला नाही.

मी पेला आमच्या घरचा न्यायचे. मुद्दाम. हा माणूस आमच्या उंबऱ्यात हजार वेळा उभा राहिला असेल, पावती फाडायला, सही घ्यायला. पाणी विचारलं की, "नको, आत्ताच चा झाला." का ते आम्हाला ठाऊक होतं आणि त्यालाही. आता दर पावसाळ्यात आमच्या घरच्या पेल्यातून, माझ्या हातून, सगळ्या चाळीसमोर घटाघटा. घोट गिळताना त्याच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची ती मी मोजल्यासारखी बघायचे. सुख होतं ते. इस्पितळात माझ्या शेजारी बसणारी नाईक, गिरगावातल्या जुन्या घरातली, फार सोज्वळ बाई, तिने ऐकून कानावर हात ठेवले. "किती गं दुष्ट!" म्हणाली. "म्हातारा माणूस तो. कधीतरी सोडून दे." मी म्हटलं, तू तुझ्या वाडीतल्या विहिरीचं पाणी पी आणि गप्प बस. गेल्या वर्षी त्याची बायको वारली. मी भेटायला गेले, रीतसर. त्या पावसाळ्यातही पेला मात्र चुकवला नाही.

तर, यंदाचं वादळ. तितकं मोठं नव्हतं. पत्रे वाजले, दोन झाडं पडली, पटांगणात घोट्याच्या वर पाणी. पण नियम म्हणजे नियम. पंप बंद. तीन दिवस चाळ भरून ठेवलेल्या पाण्यावर, ते सरलं तिथे उकळलेल्या पाण्यावर. उकळायचं म्हणजे नुसते बुडबुडे नाहीत, खळखळून उकळी आल्यावर आणखी थोडा वेळ तसंच ठेवायचं, हे मी प्रत्येक दाराशी सांगितलं. टाकी उपसली, घासली, चुन्याने धुतली, भरली, औषध टाकलं. बाटली उबेला ठेवली. रविवारी सकाळी काढली, तर पाणी होतं तसंच, स्वच्छ.

पटांगणात सगळे जमले. वरच्या गॅलऱ्यांतून बायका वाकून बघत होत्या. प्रज्ञा आमच्या दारात कठड्याला टेकून उभी. मी पेला भरला आणि पुढे केला. परुळेकर आता सत्तरी पार. त्याने पेला दोन्ही हातांत धरला. प्यायला नाही. मला वाटलं, आता फेकतो.

"त्या वर्षी," तो म्हणाला. "मला वास आला होता. झाकण उघडून बघितलं होतं. मला माहीत होतं पाणी खराब आहे. मी बोललो नाही. माझ्या घरी जार आणले." मान वर करून त्याने दुसऱ्या मजल्याकडे बघितलं. "ती सून पाणी पीत बसली होती दारात. तेव्हाही मी बोललो नाही."

आणि मग तो पाणी प्यायला, शेवटच्या थेंबापर्यंत.

खोटं कशाला बोलू, मला इतकं गोड कधीच काही लागलं नव्हतं. पाच वर्षं मी याच्यासाठी काढली होती. कीव आली का? नाही आली. मी त्याच्या हातातून रिकामा पेला घेतला, बबनला म्हटलं, सोड पाणी, आणि जिना असा चढले की गुडघे दुखतात हे विसरून गेले. मला प्रज्ञाचं तोंड बघायचं होतं.

ती आत होती. नळ आला होता, ती मोरीशी बसून कळशी भरत होती.

"ऐकलंस ना?" मी दारातूनच म्हटलं. "शेवटी बोलला! सगळ्यांसमोर बोलला!"

"ऐकलं," ती म्हणाली.

"आणि आत का आलीस? खाली यायचं होतंस, त्याच्या तोंडावर..."

तिने कळशी बाजूला सरकवली, हंडा नळाखाली धरला. पेला खाली ठेवून मी दुसरी कळशी उचलायला वाकले.

"तुम्ही बसा, ताई," ती म्हणाली. "मी भरते."

नेहमीचंच वाक्य. वॉर्डातून आल्यावर जरा अंगात ताकद आली तेव्हापासून ती हेच म्हणते, रोज. तुम्ही बसा, मी भरते. मी नाईकला कौतुकाने सांगायचे, आमची प्रज्ञा मला कामाला हात लावू देत नाही. आणि त्या सकाळी, कळशीच्या काठावर माझा हात असताना, मला कळलं की स्वयंपाक मी करते, धुणं मी करते, केर मी काढते. कुठल्याच कामाला ती नाही म्हणत नाही. फक्त पाणी. पाच वर्षांत या घरात मी पाण्याचं एक भांडं भरलेलं नाही.

ती माझ्याकडे वळली. हंडा भरून वाहायला लागला होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"त्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही कधी सांगणार?"

सांगण्यासारखं असं किती होतं? एक वाक्य. पाच वर्षं दुसऱ्याकडून काढून घ्यायला झटले, तेवढंच माझं. "पिंपभर चांगलं पाणी होतं," मी म्हटलं. "मिलिंदने बजावलं होतं. मी ओतलं. आणि संपलं म्हणून सांगितलं."

"माहीत आहे. मी जागी होते. मोरीतून आवाज येत होता, बराच वेळ."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." तिने नळ बंद केला. तिचा आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. "त्यांना तुम्ही सोडलं नाहीत, ताई. मला बरं वाटायचं, दर वर्षी. मीही तुम्हाला सोडलेलं नाही."

खाली पटांगणात लोक पांगायला लागले होते, पोरांचा गलका वर येत होता. मी तिच्या पायाशी वाकले की काय, मला नीट आठवत नाही. इतकं आठवतं की मी पुन्हा त्या कळशीला हात घातला, आणि तिने माझा हात धरून, अगदी हळू, बाजूला केला.

"बसा," ती म्हणाली.

मी बसले.